४८वर स्थिर : जुन्या लॅपटॉपवर जड गेम न अडखळता चालवायचा तर

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा लॅपटॉप छातीशी धरून दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, आकडा पंचावन्न दाखवतोय, पण घोडा लई अडखळतोय बघ."

गेम होता रेड डेड रिडेम्प्शन २. पीसीवर तो नोव्हेंबर २०१९मध्ये आला, आणि आजही मधल्या दर्जाच्या मशीनला घाम फोडतो. लॅपटॉप साधारण त्याच सुमाराचा : इंटेलचा आय-फाइव्ह ९३००एच प्रोसेसर, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा डिस्प्ले. भाच्यानं कुठलातरी व्हिडिओ बघून सगळी सेटिंग्ज 'लो'वर नेली होती. चित्राची रया गेली होती आणि अडखळणं होतं तिथंच होतं.

त्याच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. इचलकरंजीत मी अकरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की वडील लगेच पान्याला हात घालायचे नाहीत. मागाशेजारी उभे राहून ऐकायचे. धोट्याचा ठोका एकसारखा पडतोय का, की मध्येच एखादा उशिरा पडतोय, हे कानांनी पकडायचे आणि मगच कुठला नट सैल आहे ते शोधायचे. गेमसाठी मी हीच पद्धत वापरते. आधी ऐकायचं, म्हणजे इथं मोजायचं, आणि मग एका वेळी एकच नट फिरवायचा.

पंचावन्न असूनही अडखळतं कसं

एफपीएस म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं, म्हणजे फ्रेम्स, आल्या. ही सरासरी आहे आणि सरासरीत बरंच काही झाकलं जातं. समजा एका सेकंदात ५० फ्रेम्स १५-१५ मिलिसेकंदांत आल्या आणि ५ फ्रेम्सना ५०-५० मिलिसेकंद लागले. बेरीज करा : ७५० अधिक २५०, बरोबर एक सेकंद. आकडा ५५ दिसेल. पण त्या पाच वेळा पडदा इतरांच्या तिपटीहून जास्त वेळ थबकला, आणि डोळ्याला फक्त तेवढंच जाणवतं.

म्हणून आकड्यापेक्षा 'फ्रेमटाइम' बघा, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागलेला वेळ. ६० एफपीएससाठी प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी, ३०साठी ३३.३ मध्ये. फ्रेमटाइमचा आलेख सपाट असेल तर ४५ एफपीएसवरही गेम लोण्यासारखा वाटतो. आलेखात सुळके असतील तर ७०वरही डोकं दुखतं. सोबत '१ टक्का लो' नावाचा आकडा मिळतो : सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्स कुठल्या वेगानं आल्या ते तो सांगतो. भाच्याच्या लॅपटॉपवर सरासरी ५५ होती आणि १ टक्का लो होता २१. घोडा तिथं अडखळत होता.

एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. ऑनलाइन गेममध्ये आपला माणूस मागे ओढला जातो, गोळी उशिरा लागते, पण चित्र सलग चाललेलं असतं, तेव्हा दोष इंटरनेटचा असतो. ग्राफिक्स कितीही कमी केलं तरी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, सुधारत नाही.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर, ही दोन फुकट साधनं पुरतात. ग्राफिक्स कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात. उतरवून घेताना मात्र एमएसआयच्या मूळ साइटवरूनच घ्या. या साधनाच्या नावानं खोट्या साइट उघडून व्हायरस पसरवल्याचे प्रकार झाले आहेत आणि २०२१मध्ये एमएसआयनं स्वतः तसा इशारा दिला होता.

आफ्टरबर्नरच्या सेटिंग्जमध्ये 'मॉनिटरिंग' या भागात जाऊन एवढ्या गोष्टी पडद्यावर दिसतील असं करा : जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर टक्क्यांत, जीपीयूचं तापमान, ग्राफिक्स मेमरी किती भरली, प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, रॅम किती भरली, आणि फ्रेमटाइम. फ्रेमटाइमसाठी आकड्याऐवजी 'ग्राफ' निवडा.

मग एक रस्ता ठरवा. या गेममध्ये स्वतःची चाचणी असते, ग्राफिक्सच्या पानावरून ती चालवता येते. शिवाय खऱ्या खेळातला एक तुकडा मी धरते. भाच्याच्या बाबतीत तो होता व्हॅलेंटाइन गावातला चिखलाचा मुख्य रस्ता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुडक्या चालीनं, आणि तिथून बाहेर पडून गवताळ माळावर दोन मिनिटं दौड. गावात माणसं आणि जनावरं जास्त, म्हणजे प्रोसेसरला काम. माळावर गवत, सावल्या, लांबचं धुकं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काम. प्रत्येक बदलानंतर हाच रस्ता, हाच वेग. पहिली फेरी कधीही मोजू नका. गेम शेडर, म्हणजे प्रकाश-रंगाचा हिशेब करणारे छोटे प्रोग्राम, तयार करत असतो आणि चित्रं डिस्कवरून पहिल्यांदाच उचलत असतो, त्यामुळे ती फेरी अडखळतेच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे आकडे वहीत लिहा.

सेटिंगला हात लावायच्या आधी

भाच्याचा आलेख मी दहा मिनिटं नुसता बघत बसले. तीन गोष्टी दिसल्या. प्रोसेसर ९७ अंशांवर होता. रॅम ८ पैकी ७.६ जीबी भरलेली होती. आणि सुळका आला की नेमक्या त्याच क्षणी जीपीयूचा वापर ९९वरून ६०च्या खाली घसरत होता. ग्राफिक्स कार्ड रिकामं बसून कुणाचीतरी वाट बघत होतं. मग ग्राफिक्स 'लो' करून काय उपयोग होणार? जो थकला आहे त्याचं ओझं उतरवायला हवं होतं.

आधी उष्णता. आमच्या गावात हवेत सुताची बारीक धूळ असते. पंख्याच्या मागच्या जाळीवर ती थरावर थर बसते आणि तिची अक्षरशः वाकळ होते. लॅपटॉप उघडला तर उजव्या पंख्यामागून बोटभर लांबीची पट्टीच निघाली. तुमच्या गावात सूत नसेल, पण गिरणी असेल, खडीचा रस्ता असेल, घरात मांजर असेल. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, जरा गार झाला की वाढवतो, पुन्हा कमी करतो. हा चढउतार फ्रेमटाइमच्या आलेखावर करवतीच्या दातांसारखा उमटतो.

स्वतः साफ करणार असाल तर वॉरंटी आहे का ते आधी बघा. मशीन बंद करा, झाकण काढल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते वाऱ्यानं नको तितक्या वेगात फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर जुनी पूर्ण पुसून नवी लावा. हे हात कधी घातले नसतील तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, यात कमीपणा काही नाही. भाच्याचं तापमान साफसफाई आणि नव्या पेस्टनंतर ९७वरून ८५वर आलं. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, खालचं हवेचं तोंड बंद होतं. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी फरक पडतो.

मग रॅम. या गेमची किमान गरज ८ जीबी आणि कंपनीनं सुचवलेली १२ जीबी. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी होती आणि तीही एकाच पट्टीत. दुसरा खण रिकामा. विकणाऱ्यानं '८ जीबी' एवढंच सांगितलं होतं, एक की दोन हे ना त्यानं सांगितलं, ना यांनी विचारलं. याचा परिणाम फार मोठा असतो. २६६६च्या एका डीडीआर४ पट्टीतून सेकंदाला साधारण २१ जीबी माहिती जाते, दोन पट्ट्या जोडीनं लावल्या की साधारण ४२. तुमच्याकडे काय आहे ते बघायला टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा, 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असेल. आम्ही तशाच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी बसवली. ग्राफिक्सचं एकही सेटिंग न बदलता १ टक्का लो २१वरून ३७वर गेला. खर्च करायचाच असेल आणि खण रिकामा असेल तर पहिले पैसे इथं घाला, असं मी प्रत्येकाला सांगते.

बाकीच्या गोष्टी पटापट. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. या गेमला १५० जीबी जागा लागते, त्यामुळे बरेच जण तो मोठ्या पण संथ डिस्कवर टाकतात आणि मग दौडताना चित्रं वेळेवर पोचत नाहीत. चार्जर लावूनच खेळा. लाइट गेली की बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज मिळतच नाही, तेव्हाचे आकडे मोजण्यात अर्थ नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या मार्गानं जाऊन गेमची फाइल 'हाय परफॉर्मन्स'ला लावा, म्हणजे तो प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालणार नाही. ब्राउझर बंद करा. ड्रायव्हर ताजा असू द्या. डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या मागे लावली आहे ना, हे वाकून बघा; मदरबोर्डाला लावलेली केबल मी वर्षातून दोन-तीनदा तरी पाहते. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये तो ६०वरच ठेवलेला असणं, हेही तितकंच सर्रास.

एका गोष्टीबद्दल मी ठाम आहे. 'एफपीएस वाढवणारं' म्हणून जे सॉफ्टवेअर मिळतं, रजिस्ट्री बदलणाऱ्या ज्या फाइली मिळतात, त्या घेऊ नका. अशा मशीन माझ्याकडे नंतर फॉरमॅटला येतात. विंडोजची 'मेमरी इंटेग्रिटी' बंद केली तर काही मशीनवर थोडा वेग वाढतो हे खरं आहे. पण ते सुरक्षेचं कुलूप आहे, आणि ज्या लॅपटॉपवरून घरातली बँकेची कामं होतात त्यावर मी ते काढत नाही.

दोष कुणाचा हे ठरवायची एक मिनिटाची परीक्षा

आता रिझोल्यूशन १९२० बाय १०८०वरून थेट १२८० बाय ७२०वर आणा आणि तोच रस्ता फिरा. १०८०ला पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ७२०ला सुमारे ९.२ लाख. ग्राफिक्स कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी झालं. एफपीएस भरपूर वाढले तर आधी ग्राफिक्स कार्ड दमत होतं. हललेच नाहीत तर प्रोसेसर दमतोय.

प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. आठ थ्रेडपैकी एकच पूर्ण भरला असेल तरी बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. त्यासाठीच प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवायला सांगितलं.

परीक्षेनंतर रिझोल्यूशन परत १०८०वर न्या. भाच्याच्या मशीनवर गावात प्रोसेसर, माळावर ग्राफिक्स कार्ड, असा निकाल आला. बहुतेक लॅपटॉपवर असाच मिश्र निकाल येतो.

आता सेटिंग्ज

या गेममध्ये वरती एक पट्टी असते, ती सरकवली की सगळी सेटिंग्ज एकदम बदलतात. ती वापरू नका. ती तुमचं कार्ड बघून ठरवते, त्यामुळे मित्राच्या मशीनवरचं तेच घर आणि तुमच्या मशीनवरचं तेच घर सारखं नसतं. सेटिंग एकेक करून हातानं लावा आणि 'ॲडव्हान्स्ड' उघडा, खरा माल तिथं आहे.

टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं : कोटाचं कापड, लाकडाच्या रेषा, घोड्याचं खोगीर. भाच्यानं हे 'लो'वर नेलं होतं आणि म्हणून गेम इतका केविलवाणा दिसत होता. टेक्श्चर मेमरीत मावतंय तोवर त्याचा वेगावर जवळजवळ काहीच भार पडत नाही. या गेममध्ये तर 'अल्ट्रा'खाली आलं की चित्र फारच उतरतं. आम्ही अल्ट्रा ठेवलं, १०८०ला ४ जीबीत ते बसलं. मेमरी किती भरतेय हे त्याच पानावरची पट्टी सांगते.

मावलं नाही तर मात्र गाठ वाईट. जीटीएक्स १६५०ची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबी वेगानं बोलते. ती भरली की जादा चित्रं रॅममध्ये जातात आणि तिथून आणायचा रस्ता जास्तीत जास्त १६ जीबीच्या आसपासचा. मान वळवली की झटका, नव्या भागात शिरलं की झटका, आणि त्या क्षणी जीपीयूचा वापर घसरलेला, हे लक्षण दिसलं तर टेक्श्चर एक घर खाली आणा. दुसरं काही करून उपयोग नाही.

व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे धुकं, कंदिलाभोवतीचं तेजोवलय, झाडांमधून येणारे उन्हाचे झोत. या गेमची निम्मी जादू यात आहे, आणि निम्मा खर्चही. हवेतल्या प्रकाशाचा हिशेब करायला कार्डाला प्रत्येक किरणावर पावलापावलानं चालत जावं लागतं. जवळचं व्हॉल्युमेट्रिक रिझोल्यूशन 'मीडियम', लांबचं 'लो', व्हॉल्युमेट्रिक लायटिंग 'मीडियम', आणि 'अनलॉक्ड रेमार्च'वाला पर्याय बंद. खेळताना 'हाय' आणि 'मीडियम'मधला फरक मला दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय ओळखता आला नाही.

पाण्याची भौतिकी, 'वॉटर फिजिक्स', ही पट्टी शेवटपर्यंत नेलेली असते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. नदीकाठी गेलं की अचानक वेग पडतो. ती निम्म्याच्या खाली आणा. पाण्यातली प्रतिबिंबं 'मीडियम' ठेवली तरी नदी नदीच दिसते.

सावल्या. सावली पाडण्यासाठी कार्ड सूर्याच्या जागेवरून तेच दृश्य पुन्हा एकदा काढतं, म्हणून सावल्या प्रत्येक गेममध्ये महाग असतात. तरी इथं मी 'लो'पर्यंत जात नाही. 'लो'वर सावल्यांच्या कडा थरथरतात आणि डोळ्याला ते अडखळण्यासारखंच टोचतं. मुख्य सावली 'हाय', लांबची 'मीडियम', गवताची 'लो'. या सावल्यांना जोडून 'ॲम्बियंट ऑक्लूजन', म्हणजे कोपऱ्याकापऱ्यातला काळोख : 'मीडियम'. पूर्ण बंद केलं तर टेबलाचे पाय जमिनीवर तरंगताना दिसतात.

प्रतिबिंबांची सर्वसाधारण प्रत 'मीडियम', 'रिफ्लेक्शन एमएसएए' बंद (एमएसएए म्हणजे कडा गुळगुळीत करायची एक पद्धत). आरशाची प्रत मात्र खुशाल वाढवा, आरसा समोर आला तरच ती खर्च करते.

एमएसएए पूर्ण बंद. या गेममध्ये तो पर्याय लावला की वेगाचा बळी जातो. झाडांचं 'टेसलेशन', म्हणजे खोडाचा उंचसखलपणा बारीक तुकड्यांत दाखवणं, बंद. गवताची पट्टी खालून दोन घरांवर. 'ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग' १६ पट, ते जवळपास फुकट आहे आणि लांब जाणारा रस्ता त्यानंच स्पष्ट दिसतो. मोशन ब्लर ज्याच्या त्याच्या आवडीचा. ४०-५० एफपीएसवर थोडा ठेवला तर हालचाल सलग वाटते, मी ठेवते.

गावातलं ओझं, म्हणजे प्रोसेसरचं, वरच्या यादीनं फारसं हलत नाही. ज्या गेममध्ये गर्दी कमी-जास्त करता येते तिथं ती कमी करा. जीटीए ५मध्ये लोकवस्तीची घनता आणि सायबरपंक २०७७मध्ये 'क्राउड डेन्सिटी' हेच काम करते. रेड डेडमध्ये असा पर्याय नाही, तिथं प्रोसेसरला वाचवण्याचा उपाय एकच, फ्रेम्सवर मर्यादा घालणं. त्याकडे येतेच.

व्हल्कन की डायरेक्टएक्स १२? गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्या भाषेत बोलतो तिचे हे दोन पर्याय. दोन्ही आपल्या मशीनवर तोच रस्ता फिरून बघा. भाच्याच्या लॅपटॉपवर व्हल्कनचा आलेख सपाट होता, माझ्या डेस्कटॉपवर फरकच नव्हता. बदललं की शेडर पुन्हा तयार होतात, म्हणून पहिली फेरी पुन्हा सोडून द्यायची.

रिझोल्यूशन कमी करण्याऐवजी

एवढं करून माळावर ४३-४४ मिळत होते. इथं बहुतेक जण रिझोल्यूशन ७२०वर आणतात आणि चित्र पाण्यात भिजल्यासारखं होतं. त्यापेक्षा 'अपस्केलिंग' वापरा. गेम आतून कमी ठिपक्यांत चित्र काढतो आणि आधीच्या फ्रेम्समधली माहिती जोडून ते मोठं करतो. एनव्हिडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं, जीटीएक्सवाल्यांना ते दिसणारही नाही. एएमडीचं एफएसआर २ मात्र एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालतं आणि सप्टेंबर २०२२च्या अपडेटपासून ते या गेममध्ये आहे.

१०८०च्या पडद्यावर एफएसआरचं 'क्वालिटी' म्हणजे आतून १२८० बाय ७२०, आणि 'परफॉर्मन्स' म्हणजे ९६० बाय ५४०. 'क्वालिटी'च्या खाली जाऊ नका. ५४० ओळींमधून घोड्याची आयाळ आणि झाडांची पानं परत उभी करायला मालच पुरत नाही, सगळं सळसळायला लागतं. जोडीला धार, म्हणजे 'शार्पनिंग', थोडीशीच. एफएसआर नको असेल तर टीएए, म्हणजे आधीच्या फ्रेम्स वापरून कडा गुळगुळीत करणारा पर्याय, चालू राहू द्या. ते बंद केलं तर केस आणि गवत ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, कारण या गेमनं ते टीएए असणार हे धरूनच रंगवलं आहे.

नव्या गेममध्ये 'फ्रेम जनरेशन' मिळतं : दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक बनवलेली. आकडा जवळपास दुप्पट दिसतो. पण बोटांचा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सच्याच वेगाचा राहतो, उलट किंचित मागे पडतो. मूळ वेग ६०च्या आसपास असेल तर जरूर लावा. ३०वरून ६० करायला लावलं तर चित्र पळतं आणि हात चिखलात रुतल्यासारखे वाटतात.

मर्यादा कुठं घालायची

एफएसआर लावल्यावर माळावर ५२ ते ५८ आणि गावात ४९ ते ५५ मिळायला लागले. भाचा खूश होऊन उठला. मी त्याला परत बसवलं, कारण सगळ्यात मोठा फरक अजून बाकी होता.

त्याचा डिस्प्ले सेकंदाला १४४ वेळा ताजा होतो. ५२, ५५, ५८ यांपैकी कुठलाही आकडा १४४मध्ये नेमका बसत नाही. त्यामुळे एक फ्रेम दोन ठोके दिसते, पुढची तीन. कार्ड वेळेवर काम करतं आणि तरी चाल लंगडी. १४४ला ३नं भागा : ४८. प्रत्येक फ्रेम बरोबर तीन ठोके, म्हणजे २०.८ मिलिसेकंद. आणि ४८ हा आकडा गावातसुद्धा टिकत होता. म्हणून रिव्हाट्यूनरमध्ये 'फ्रेमरेट लिमिट' ४८ लिहिली आणि गेममधलं व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारा पर्याय, चालू केलं.

हिशेब तुमच्या पडद्यानुसार करा. ६० हर्ट्झचा असेल तर ६० किंवा थेट ३०. मधले ४० तिथं लंगडतात. १२० हर्ट्झवर हेच ४० सुरेख चालतात, कारण तीन ठोके पूर्ण बसतात. डिस्प्ले फ्रीसिंक किंवा जी-सिंकवाला असेल तर तो फ्रेमची वाट बघून ताजा होतो, त्यामुळे भागाकाराची गरज नाही. मर्यादा तुमच्या १ टक्का लोच्या जरा वर ठेवा. रिव्हाट्यूनर नको असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जानेवारी २०२०पासून 'मॅक्स फ्रेमरेट' आहे, तेही चालतं. स्पर्धेचे गेम, व्हॅलोरंटसारखे, इथं अपवाद धरा : तिथं सावल्या, धुकं सगळं काढून जितक्या फ्रेम्स मिळतील तितक्या घ्यायच्या, कारण प्रतिसाद महत्त्वाचा.

मर्यादा घातली की प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही दर फ्रेमला थोडी उसंत मिळते. भाच्याच्या लॅपटॉपचं तापमान आणखी चार अंश उतरलं, पंख्याचा आवाज बसला, आणि १ टक्का लो ४५वर आला. सरासरी ४८. ज्या दिवशी तो दुकानात आला त्या दिवशी ५५ होती.

सगळी सेटिंग्ज मी एका बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिली. आठवड्यानं तो पुन्हा आला, या वेळी वही घेऊन. पाण्याची पट्टी त्यानं स्वतः एक घर वाढवली होती, नदीकाठचा एक रस्ता ठरवून तो तीनदा फिरला होता, आकडे लिहिले होते : ४८, ४८, आणि लोच्या रकान्यात ३९, ३८. "पहिली फेरी धरली नाही मावशी," तो म्हणाला, "आणि पट्टी परत खाली आणली."